दोन इंच बाजूला, दोन इंच खाली

परबवाडी, ता. मालवण
शुक्रवार, १९ डिसेंबर

सन्माननीय व्याही हिंदुराव अण्णा यांच्या चरणी (आपण वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून अगदी चरणांवर नाही, दोन इंच बाजूला) बाबली परबाचा नमस्कार. विहीणबाईंना आम्हां दोघांचा नमस्कार सांगावा. आपला गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो वाजतो, असं आमची सून, म्हणजे आपली चारुता, सांगत होती. माझा डावा चढताना वाजतो. एका घरात राहत असतो तर जिन्यावर बरी जुगलबंदी झाली असती. आपल्या पुतणीचं लग्न थाटात झालं असेल. लग्नाला चारुता तेवढी आली, आम्ही दोघं आलो नाही, त्याचं कारण मी फोनवर ‘तब्येत’ असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त तब्येत माझी नव्हती, मक्याची होती.

पत्राच्या सुरुवातीला ‘येथील सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे. छत्तीस वर्षं गावच्या पोस्टात काढली, निम्म्या गावाची पत्रं मीच लिहून दिली, आणि घरात काहीही झालेलं असो, पहिली ओळ क्षेमाचीच घातली. आज स्वतःच्या पत्रात ती ओळ लिहायला हात धजत नाही. हे पत्र घरी न पाठवता आपल्या दूध संस्थेच्या पत्त्यावर, गडहिंग्लजच्या गाडीच्या चालकाच्या हाती देतो आहे. सकाळी दूध घालायला आपण स्वतः जाता, हे मला ठाऊक आहे. घरी पाठवलं असतं तर चारुताने ते सगळ्यांत आधी उघडलं असतं, आणि तिने उघडू नये एवढ्यासाठीच तर हे लिहिणं चाललं आहे. फोन न करण्याचं कारणही तेच. आपला फोन अर्धा वेळ तिच्या हातात असतो.

आता मूळ गोष्ट. आपल्याला ठाऊक आहेच, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझं दुःख मलाच नीट कळत नाही. आमच्या मंगेशला कंपनीने पुण्याची जागा देऊ केली आहे. जायचं की कुडाळलाच राहायचं, याचं उत्तर कंपनीला मे महिन्यापर्यंत दिलं तरी चालतं. मंगेशचं अर्धं मन पुण्याला पोचलंही आहे. चारुता मात्र म्हणाली, मला इथली जमीन एकदा करून बघू दे. भात कापल्यावर कुणगा (आम्ही भाताच्या खाचराला कुणगा म्हणतो) दिवाळीपासून पावसापर्यंत नुसता तापत पडतो, विहिरीला पाणी आहे, मालवणच्या बंदरावर पर्यटक आहेत, आणि पर्यटकाला समुद्र बघताना हातात कणीस लागतं. दहा गुंठ्यांत मका लावते. शिमग्याला कणसं हातात आली तर आपण इथेच राहायचं आणि पुढच्या वर्षी एक एकर करायचा. नाही आली तर पुण्याला जायचं, मी कुरकुर करणार नाही. मंगेशने कबूल केलं. सौ. ने (म्हणजे आमच्या तुळसाने) देवाला गाऱ्हाणं घातलं. मी मान डोलावली, पण अण्णा, दोघं पुण्याला गेली तर या घरात आम्ही दोघं उरणार, आणि आम्हां दोघांत बोलायचे विषय साधारण ऐंशी सालच्या सुमारास संपलेले आहेत.

तेव्हा आमचं सगळं त्या मक्यावर. आपण मोठ्या मनाने दोन किलो बी पाठवलंत, सोबत त्या पातळ खताचा पाच लिटरचा कॅन. चारुता त्याला स्टार्टर म्हणते. (आमच्याकडे स्टार्टर म्हणजे विहिरीच्या पंपाचा. तोही सुरू होत नाही.) लग्नाला निघताना तिने मला बसवून सगळं समजावलं, वर वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहून दिली. वाफसा आला की पेरून घ्या, रविवारी मंगेशची मदत घ्या, एक लिटर खताला दहा लिटर पाणी, फवारणीच्या पंपाची नोझल काढून धार सरीत सोडा, सरी बियापासून दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली, खत बियाला लागू देऊ नका. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. मी ती चिठ्ठी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. पाठ होणं आणि कळणं यांत फरक असतो, हे मला चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं. तेही पाठच झालं होतं.

इथे आमच्या चौथीच्या पुस्तकाकडे वळणं भाग आहे. त्यात बियाची एक कविता होती. बी मातीच्या कुशीत एकटं निजलेलं असतं, त्याला तहान लागते, ते अंधारात आईला हाका मारतं, अशा अर्थाची. गुरुजी ती म्हणताना डोळे पुसायचे. (त्यांना बारमाही सर्दी होती हे मला फार पुढे कळलं, पण तोवर कविता आत गेली होती.) साठ-बासष्ट वर्षं मी कुठलंही बी हातात घेतलं की मला ती हाक ऐकू येते. तुम्ही पाठवलेली पिशवी उघडली तर आत गुलाबी दाणे. औषध चोळल्यामुळे ते गुलाबी असतात, असं पिशवीवर छापलेलं होतं. पण मला दिसली ती गुलाबी गालांची बाळं. आणि माझ्या मनात आलं की भुकेल्या बाळाला पाटावर बसवायचं आणि ताट दोन इंच लांब ठेवायचं, वर ताटाला हात लागला तर खबरदार, ही कसली रीत?

एवढ्यावर थांबलो असतो तरी बचावलो असतो. पण माझं दुसरं अर्धं डोकं भाताचं आहे. आमच्याकडे थंडीत विहिरीच्या पाण्यावर वायंगणाचं भात करतात. त्याचं बी आधी एक दिवस भिजत घालायचं, मग निथळून गोणपाटात बांधायचं, वर पेंढा, पेंढ्यावर दगड, दोन दिवसांनी सोडलं की आत शुभ्र मोड. माझ्या वडिलांनी केलं, त्यांच्या वडिलांनी केलं. मोड आलेलं बी टाकलं की चार दिवसांत कुणगा हिरवा होतो. मी विचार केला, मक्यालाही तसेच मोड काढून दिले तर शिमग्याच्या आधी आठवडाभर कणसं येतील, चारुता लग्नाहून परत येईल तेव्हा बांधावर उभं राहून तिला हिरव्या ओळी दाखवता येतील. आणि भिजवायचंच तर नुसत्या पाण्यात कशाला? आईच्या दुधासारखं खत घरात असताना?

अण्णा, मी ते दोन किलो बी त्या खतात भिजत घातलं. पाणी न घालता. दूध पातळ करणं हे मला कधीच पटलेलं नाही. (ते आपल्याला, दूध संस्थेच्या सभासदाला, तरी पटावं.)

सौ. ने टोप बघितला तेव्हा ती उंबरठ्यावरच थांबली. म्हणाली, “ह्यां भात न्हय. चिठीत काय लिवन दिल्यान ता वाचलास मा?” मी म्हटलं, पाठ आहे. त्यावर ती म्हणाली, “मंगेशाच्या बारावीक तुम्ही असेच बाजूक बसान कविता म्हणी होतास. काय झाला? पोर गणितात नापास.” या बाईची स्मरणशक्ती नको तिथे ताजी आहे. मंगेश गणितात नापास झाला ही गोष्ट खरी, पण मराठीत त्याला ब्याऐंशी होते, ते ती कधी काढत नाही.

दोन दिवसांनी गोणपाट सोडलं. मोड नव्हते. दाणे फुगायच्या ऐवजी आक्रसले होते, आणि वास असा होता की मांजर शेजारून गेलं ते लांबून वळसा घालून. माझे दोन्ही तळहात मात्र मनगटापर्यंत गुलाबी झाले, ते काही केल्या निघेनात. औषधाचा रंग म्हणून सौ. ने तीन दिवस मला ताटाला हात लावू दिला नाही, चमच्याने जेवलो. देवळात हात जोडले तर गुरव म्हणाला, “शिमगो आजच खेळलंस काय रे?” मी हात खिशात घातले. खिसेही गुलाबी झाले.

तरी मी आशा सोडली नाही. मोड गोणपाटात आले नाहीत म्हणून काय झालं, काही मुलं घरी बोलत नाहीत, शाळेत बोलतात. ९ तारखेला, मंगळवारी, मंगेश कामावर गेल्यावर (रविवारी त्याला मी बोलावलं नाही, त्याने टोप बघितला असता) सगळे दाणे ओळीने, सुतळी बांधून, एका वितीवर एक असे टोचले. ओळी इतक्या सरळ आल्या की त्या बघून मला क्षणभर वाटलं, यापुढे काही उगवलं नाही तरी चालेल. देवाने ते नेमकं ऐकलं.

पाचव्या दिवशी कुणगा कोरा. सातव्या दिवशीही तसाच. आमच्याकडे मोर फार, पेरलेलं बी उकरून नेतात म्हणून मी काठी घेऊन बांधावर बसायचो. आठव्या दिवशी एक मोर उतरला, त्याने एक दाणा उकरला, चोचीत धरला, थोडा विचार केला आणि जागच्या जागी परत ठेवला. अण्णा, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पाखराने टाकलेलं बी मी हातात घेतलं. बोटांत चुरलं. आत काळं आणि मऊ होतं. मी उरलेले दाणे उकरून बघितले, पहिल्या ओळीतले, मधल्या ओळीतले, शेवटच्या ओळीतले. सगळे तसेच. बाळाला जागं होण्याआधीच इतकं पाजलं होतं की ते जळून गेलं.

आणि शेजारचा दत्तप्रसाद (माझ्याच वर्गातला, कवितेत कायम नापास) रोज आपल्या वायंगणाच्या तरव्याला (भाताच्या रोपांच्या वाफ्याला) पाणी द्यायला येतो. त्याचा तरवा दाट, हिरवा, कंगव्याने भांग पाडावा असा. तो बांधावर टेकून मला विचारतो, “बाबली, तुझो मको खंय गेलो रे? पुण्याक?” त्याला पुण्याचं कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. गावात जे माहीत नसतं ते फक्त ज्याचं असतं त्यालाच.

या सगळ्यात सौ. ने काय केलं ते ऐका. कॅनमध्ये खत उरलं होतं. तिने चिठ्ठी भिंतीवरून काढली, चष्मा लावून शांतपणे वाचली, एक लोटा खताला मोजून दहा लोटे पाणी घातलं, आपल्या लाल माठाच्या वाफ्याशेजारी दोन बोटं लांब आणि दोन बोटं खोल रेघ ओढली आणि त्यात ते सोडून माती ओढून घेतली. आता तो माठ असा आला आहे की वाफ्यात पाय ठेवायला जागा नाही. रोज दुपारी माझ्या ताटात माठाची भाजी येते. सौ. वाढते आणि समोर बसते. मी खातो. भाजी चांगली असते, तेच जड जातं.

चारुता रोज फोन करते. पहिल्या दिवशी विचारलं, “बाबा, कोंब दिसाय लागले काय?” मी म्हटलं, जमीन विचारात आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, थंडी आहे, उशिरा उठतात. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज इतका उतरलेला वाटला की माझ्या तोंडून ‘आले, आले’ असं निघून गेलं. मग ती म्हणाली, फोटो पाठवा. अण्णा, खोटं बोलणाऱ्या माणसाला पूर्वी किती सोय होती. मी दत्तप्रसादच्या तरव्यापाशी गेलो, खाली बसलो, आणि जवळून एक फोटो काढून पाठवला. अर्ध्या फोटोत माझा अंगठा आला, गुलाबी. त्यावर तिचं काही उत्तर आलं नाही. आनंदाने बोलणं सुचलं नसेल, अशी मी समजूत करून घेतली आहे.

मला हे सगळं का लिहावंसं वाटलं? तुम्ही मक्याच्या मुलखातले, मी भाताच्या. तुमच्या मुलीने आमच्या मातीत पहिल्यांदा काही मागितलं आणि मी ते खाऊन टाकलं, असं मला वाटतं. ती परत आली की कुणग्यात जाईल, बघेल, आणि मुकाट्याने बॅग भरेल, कारण तिने शब्द दिला आहे आणि ती शब्दाची पक्की आहे (आपल्याकडून आलं असावं). मग मी संध्याकाळी ओसरीवर बसून कुणाला कविता म्हणून दाखवू? ती एकटीच ऐकते. मध्येच भाजी निवडते, मध्येच हो हो म्हणते, पण ऐकते. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी तर मी एक कडवं विसरलो तेव्हा पुढची ओळ तिने सांगितली.

यावर उपाय मला एकच सुचतो, पण तो मुख्य पत्रात लिहायला शरम वाटते. खाली लिहितो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आपल्या गुडघ्याला आराम.

आपला हतबल व्याही,
बाबली परब

ता. क. : त्याच वाणाचं दोन किलो बी तातडीने पाठवावं, आणि चारुताला बुधवारपर्यंत ठेवून घ्यावं. रविवारी ती निघते म्हणेल. आपला गुडघा त्या दिवशी जरा जास्त दुखू द्यावा. बी एसटीनेच पाठवा, चालकाच्या हाती, मी मालवणच्या स्टँडवर उभा राहीन. पोस्टाने पाठवू नका. मी छत्तीस वर्षं त्या खात्याचं मीठ खाल्लं आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो की साधं पार्सल आपल्या चालीने येतं, आठ-दहा दिवस धरावेत, आणि मला एकेक दिवस मोलाचा आहे. ती येईपर्यंत पेरून घेतो. या वेळी दोन इंच बाजूला. मोजपट्टी आणली आहे.

ता. क. २ : विहीणबाईंना सांगू नका. बायकांना सांगितलं की ते दोन इंच बाजूलाही राहत नाही आणि खालीही राहत नाही.

ता. क. ३ (शनिवार, दुपार) : पाकीट बंद केलं होतं, ते परत फोडलं. चारुता आली. आपण तिला अडवलं नसेलच, आपल्याला ठाऊकच काय होतं. बॅग अंगणात ठेवून ती सरळ कुणग्यात गेली. मी मागून गेलो, गुडघा वाजवत. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो भाताचा हाय.” मक्याचा कोंब गुंडाळलेल्या पानासारखा जाड येतो म्हणे, भाताचा केसासारखा. हे तिला पाचव्या वर्षापासून कळतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मग तिने एक दाणा उकरला, चुरला, वास घेतला आणि बांधावर बसली. मी पण बसलो. तिने विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? मी म्हटलं, पाठ आहे. म्हणाली, म्हणा. मी उभा राहिलो आणि सगळी म्हटली, वाफशापासून दोन रेघांपर्यंत, गुरुजींच्या चालीत, कारण दुसरी चाल मला येत नाही. ती खाली ओंजळीकडे बघत होती, त्यामुळे तिच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही. खांदे मात्र हलत होते. मी धसकलो. पण सौ. बांधावरून ओरडली, “रडत नाय ती, हसता,” तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग ती पदराला हात पुसून उठली आणि मंगेशला फोन लावून म्हणाली की बाबांच्या हातून बी गेलंय, दुसरं मागवते, आता शिमग्याला कणसं येत नाहीत, पाडव्यापर्यंत जाईल, तेव्हा ठरवायचं ते पाडव्याला ठरवू. मंगेश हो म्हणाला. मी शिमगा ते पाडवा बोटांवर मोजलं. सतरा दिवस. माझ्या हातून झालेल्या चुकीचे असे सतरा दिवस पदरात पडतील, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

ता. क. ४ : बियासाठी ती आज संध्याकाळी आपल्याला फोन करणार आहे. उद्या दुपारच्या गाडीने पाठवा म्हणेल. हे पत्र सकाळच्या गाडीने आधी पोचेल, म्हणून लिहितो. विहिरीला मेपर्यंत पाणी आहे, पेरणी लांबली तरी पिकाला काही धोका नाही. पुणं आपल्यालाही मालवणपेक्षा लांबच. तेव्हा फोनवर तिला हो म्हणा. बी मात्र पोस्टाने पाठवा. साध्या. रजिस्टर नको, ते लवकर येतं.